अभ्यासिकेचा लॅपटॉप, तीन वायफाय कार्डं आणि तेरा नंबरचं चॅनल

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावची ही गोष्ट आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही, लॅपटॉप कोणत्या कंपनीचा होता तेही नाही, कारण अशी अडचण एका कंपनीपुरती नसते. मी तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो, आसपासच्या गावातले लॅपटॉप, प्रिंटर, इन्व्हर्टर सगळं माझ्याकडे येतं.

तर गावात समाजमंदिराच्या एका खोलीत पोट्ट्यांनी मिळून अभ्यासिका सुरू केली आहे. पंधरा-वीस पोरंपोरी बसतात, कोणी पोलीस भरतीचं करते, कोणी तलाठी, कोणी एमपीएससी. गावातल्याच एका नोकरीवाल्या माणसानं २०१४ चा एक लॅपटॉप दिला होता, चौथ्या पिढीचा आय थ्री, चार जीबी रॅम. त्याच्यावर पोरं सराव टेस्ट सोडवत, फॉर्म भरत, हॉलतिकीट काढत. शेजारीच ग्रामपंचायत, तिथं फायबरचं नेट आलेलं आहे, आणि सरपंचांनी राउटरचा वायफाय अभ्यासिकेला वापरू दिला होता. राउटर आणि अभ्यासिकेच्या मधात दोन भिंती आणि साधारण साठ फूट अंतर.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, १४ तारखेला. विंडोज ११ या लॅपटॉपवर नियमानं बसत नाही, प्रोसेसरच यादीत नाही. पोरं त्याच मशीनवर आधार नंबर टाकतात, बँकेचे ओटीपी टाकतात, आणि अपडेट बंद झालेल्या विंडोजवर हे करू देणं मला बरं वाटलं नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप दुकानात आणला, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम आठ केली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवली, एक्सएफसीई डेस्कटॉपवाली, ती हलकी चालते. दुकानात दोन दिवस चालवून पाहिलं, मराठी टायपिंग झालं, प्रिंटर झाला, वायफाय झालं, आणि गावात नेऊन दिलं.

खरी चूक इथंच झाली होती, पण ती मला तीन आठवड्यांनी कळली.

अडचण

नोव्हेंबरात अभ्यासिका सांभाळणाऱ्या पोराचा रात्री नऊला फोन आला. "भाऊ, नेट दिसूनच नाई रायलं. वायफायचं चिन्हच गायब झालं." वेचणीचे दिवस होते, पोरं दिवसभर वावरात कापूस वेचून रात्री अभ्यासाला बसत, आणि भरतीचे फॉर्म सुरू होते. एका पोरीनं तिच्या मोबाईलचा डेटा केबलनं लॅपटॉपला दिला, लिनक्समध्ये ते काही न बसवता लगेच चालते, पण तिचा रोजचा दीड जीबी दोन जणांच्या फॉर्ममध्ये आणि फोटो अपलोडमध्ये संपला.

इथं एक फरक समजून घ्यायला पाहिजे, कारण फोनवर मी पहिला प्रश्न तोच विचारला. वायफायचं चिन्ह आहे, नेटवर्क दिसते पण तुटते, हळू चालते, असं असलं तर संशय सिग्नलवर, अँटेनाच्या वायरवर, राउटरवर जातो. आणि चिन्हच नसलं, एकही नेटवर्क दिसत नसलं, तर बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लोड झालेला नसतो नाहीतर कार्ड बटणानं बंद पडलेलं असते. बटण दाबून पाहायला लावलं, काही नाही. मग त्याला म्हटलं, बंद करून चालू कर आणि सुरू होताना एस्केप दाबत राहा, एक काळी यादी येईल, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचं कर्नल निवड. त्यानं केलं आणि वायफाय आलं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेटसोबत तो बदलतो आणि आधीचाही यादीत राहतो.

झालं असं होतं की मशीनमधलं मूळचं कार्ड ज्या चिपवर होतं तिचा ड्रायव्हर कर्नलच्या आत नव्हता. तो कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर, वेगळा बसवावा लागतो, आणि प्रत्येक नवीन कर्नलसोबत तो त्या कर्नलसाठी परत तयार व्हावा लागतो. कर्नलच्या आतले ड्रायव्हर असतात ते कर्नल बदलणारे लोकच सोबत बदलत नेतात, हा बाहेरचा मात्र जिथं थांबला तिथं थांबलेला असतो, एखाद्या अपडेटला तो तयारच होत नाही आणि वायफाय जाते. दुकानात इन्स्टॉल करताना मी लॅन केबल लावून ठेवली होती. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरनं नेटवरून तो ड्रायव्हर दाखवला, मी टिक केली आणि विसरून गेलो. केबल नसती लावली तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं की हे कार्ड आपल्या बळावर चालत नाही.

त्या रात्री जुन्या कर्नलवर काम भागलं. पण पोरांना रोज यादीतून कर्नल निवडायला सांगायचं हे काही खरं नाही, आणि लाइट गेली की मशीन परत नवीन कर्नलवर सुरू व्हायची, तिची बॅटरी तर केव्हाचीच गेलेली.

कोणते रस्ते होते

पाच गोष्टी विचारात घेतल्या.

परत विंडोज टाकायचं. हे पोरांपैकीच एकानं सुचवलं आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला उद्याचा फॉर्म दिसत होता. पण सपोर्ट संपलेली विंडोज आणि तिच्यात ओटीपी, त्यासाठीच तर सगळं केलं होतं.

कर्नल आहे तिथंच गोठवायचं. म्हणजे अपडेट मॅनेजरला सांगून टाकायचं की कर्नल बदलू नको. फुकटात होते, पाच मिनिटांत होते. पण मग कर्नलच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, आणि विंडोज सोडण्याचं कारणच उरत नाही. तात्पुरतं म्हणून हेच केलं, दोन आठवड्यांसाठी.

यूएसबी डोंगल. स्वस्त मिळते आणि बरेचसे चालतातही. पण एक तर डब्ब्यावर जे नाव असते त्यावरून आत चिप कोणती हे कळत नाही, एकाच नावाच्या डोंगलमध्ये वेगवेगळ्या चिपा निघतात, काही तर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात आणि मग त्यांना वायफाय बनवावं लागते. दुसरं म्हणजे पंधरा-वीस जण हाताळतात ती मशीन, बाजूला बाहेर आलेलं डोंगल किती दिवस टिकेल हे मी जास्त पाहिलं. यूएसबीचे पोर्ट तीनच, त्यातला एक आधीच सैल.

लॅन केबल ओढायची. सगळ्यात पक्कं काम हेच होतं. लॅनची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, इथं साठ फूट म्हणजे काहीच नाही. पण दोन वेगळ्या इमारतींच्या मधात उघड्यावर तांब्याची केबल टाकायची म्हणजे आपल्याकडच्या विजा आठवतात. पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा पडल्या की अशा केबलवरून लाट आत येते आणि दोन्ही टोकाचे पोर्ट जळतात, माझ्या दुकानात दरवर्षी असे राउटर येतात. शिवाय समाजमंदिरात उंदरं. तरी हा रस्ता मी पूर्ण सोडला नव्हता, कार्डाचं जमलं नाही तर भिंतीतून पाइप टाकून हेच करायचं असं पोरांना सांगून ठेवलं होतं.

आणि पाचवं, लॅपटॉपच्या आतलं वायफाय कार्डच बदलायचं. ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच आहे असं कार्ड टाकायचं, म्हणजे कोणालाच काही बसवायचं काम नाही. मला हे पटलं याचं कारण एकच, त्या गावात मशीन बिघडली की मी तिथं नसतो. मी अठरा किलोमीटरवर आहे, शेवटची एसटी साडेसातला जाते. म्हणून जे कोणी लक्ष दिल्याशिवाय चालत राहील तेच त्यांच्या कामाचं, मग ते थोडं हळू का असेना. हा विचार मी आधीच नीट धरला असता तर पुढचा पहिला प्रयत्न केलाच नसता.

पहिला प्रयत्न, आणि काळा स्क्रीन

मागचं झाकण उघडून पाहिलं. कार्ड हाफ मिनी पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे साधारण तीस बाय सत्तावीस मिलिमीटरचा चौकोनी तुकडा, एका स्क्रूनं धरलेला. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हेच असते. नंतरच्या लॅपटॉपमध्ये एम डॉट टू येते, २२३० साइझचं, आणि त्याच्या अँटेनाची टोपीही वेगळी, आणखी बारीक असते, म्हणून ऑर्डर देण्याच्या आधी झाकण उघडून पाहणं याला पर्याय नाही. मॉडेल नंबर टाकून शोधू नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं निघतात.

मी इंटेलचं ड्युअल बँड ७२६० घ्यायचं ठरवलं. २०१३ चं कार्ड आहे, हाफ मिनीमध्ये मिळते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही बँड चालते, एसी स्टँडर्ड, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल मिंटसोबतच येते. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पार्टांच्या दुकानात एक ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडून सहाशेला मागवलं.

कार्ड बसवायचं काम तसं दहा मिनिटांचं. चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला करंट जातो, मग अँटेनाची टोपी नखानं सरळ वर उचलायची, वायर ओढून नाही. या टोप्या खूप नाजूक असतात, बनवणारी कंपनीच तीस वेळा काढ-घाल होईल इतकंच सांगते, म्हणून उगीच काढून घालून पाहू नये. स्क्रू काढला की कार्ड स्वतःच तिरपं वर येते, तसंच तिरपं बाहेर काढायचं. नवीन घालताना परत तिरपं सरकवायचं, दाबायचं, स्क्रू, आणि टोपी सरळ वरून दाबली की टक करून बसते.

चालू केलं. कंपनीचा लोगो आला आणि त्याच्यानंतर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात मेसेज, की न चालणारं वायरलेस कार्ड सापडलं आहे, ते काढा आणि परत सुरू करा. बस. मिंटपर्यंत गेलंच नाही, बायोसनंच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमनंच, अडवलं.

हे व्हाइटलिस्ट म्हणतात ते. त्या काळात काही कंपन्यांनी बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी टाकून ठेवली होती, आणि यादीत नसलेलं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होऊ द्यायची नाही. ही यादी नुसतं चिपचं नाव पाहत नाही. प्रत्येक कार्डाला चार आकडी आयडी असतात, चिप बनवणाऱ्याचा एक, चिपचा एक, आणि शिवाय सबसिस्टिमचे दोन, जे कार्ड कोणत्या लॅपटॉप कंपनीसाठी बनवलं ते सांगतात. म्हणजे तेच इंटेलचं ७२६० दोन असू शकतात, एक खुल्या बाजारातलं आणि एक त्या लॅपटॉप कंपनीचा पार्ट नंबर चिकटवलेलं. दुसरं एखाद वेळेस चालते, पहिलं नाही. मला व्हाइटलिस्ट हा प्रकार माहीत होता, पण अनुभव ऐकीव होता आणि या मॉडेलला ती असेल असं वाटलं नव्हतं. वाटण्यावर जायला नको होतं, पाहता आलं असतं.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी लक्षात आली जी झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हाच दिसायला हवी होती. ७२६० ला दोन अँटेना लागतात. या लॅपटॉपमध्ये एकच वायर होती. कंपनीनं स्वस्त मॉडेल म्हणून एकच अँटेना टाकलेली. म्हणजे बायोसनं जाऊ दिलं असतं तरी कार्डाचा अर्धा जीव वायाच जाणार होता, आणि पंचायतीचं राउटर तर २.४ गिगाहर्ट्झवालं एकाच बँडचं. मी जे चांगलं म्हणून घेतलं त्यातलं काहीच त्या खोलीत कामाला येणार नव्हतं.

निर्णयाची जागा

त्या दिवशी दुकानात बसून बराच वेळ विचार केला. पुढं दोन वाटा होत्या.

एक म्हणजे बायोस बदलायचं. व्हाइटलिस्ट काढलेलं बायोस काही लोक बनवतात, मीही एकदोनदा बायोसची चिप प्रोग्रॅमरनं लिहिली आहे. स्वतःच्या मशीनवर मी केलंही असतं. पण लॅपटॉप माझा नव्हता, एका माणसानं गावासाठी दिलेला होता, आणि बायोस लिहिताना बिघडलं तर मशीन मुकी होते, मग चिपवर क्लिप लावून परत लिहावं लागते आणि तेव्हाही हमी नाही. फॉर्मच्या दिवसांत ही जोखीम घ्यायची नाही असं ठरवलं. काही लोक आधी कार्ड न लावता मशीन सुरू करतात आणि मग चालू मशीनमध्ये कार्ड खुपसतात. कृपा करून असं करू नका, स्लॉट जळतो, बोर्डही जातो.

दुसरी वाट म्हणजे यादीतलंच कार्ड शोधायचं. लॅपटॉप कंपन्या प्रत्येक सिरीजसाठी दुरुस्तीवाल्यांचं एक मॅन्युअल काढतात, सर्व्हिस गाइड. ते शोधून काढलं. त्यात स्पेअर पार्टच्या पानावर वायरलेस कार्डांची यादी होती, प्रत्येकाचा पार्ट नंबर. मूळचं कार्ड त्यात होतंच, आणखी तीन होती, आणि त्यात एक ॲथेरॉस एआर ९४८५. हे वाचल्यावर मला खरंच हायसं वाटलं, कारण त्याचा ड्रायव्हर, एटीएच ९ के, २००८ पासून कर्नलमध्ये आहे, पूर्ण खुला आहे आणि वायफायसाठी त्याला फर्मवेअरची वेगळी फाइलसुद्धा लागत नाही. कार्ड एकाच अँटेनाचं, एकाच बँडचं, जास्तीत जास्त दीडशे मेगाबिटचं. लॅपटॉपमध्येही एकच वायर. जसं होतं तसं जुळत होतं.

पोराला फोन केला आणि सरळ सांगितलं की बाबा, सहाशेचं कार्ड माझ्या चुकीनं वाया गेलं, त्याचे पैसे मी घेणार नाही, दुसरं आणतो, ते जुनं आहे आणि फास्ट नाही. तो म्हणाला, "फास्ट काय करायचं हाय भाऊ, निसतं फॉर्म सबमिट होताना जाऊ नये म्हंजे झालं."

दुसरा प्रयत्न

सीताबर्डीच्या त्याच माणसाला पार्ट नंबर पाठवला. नुसतं चिपचं नाव सांगू नका असं त्याला तीनदा सांगितलं, लेबलचा फोटो मागवला, पार्ट नंबरचा शेवटचा आकडासुद्धा जुळवून पाहिला. त्याच कंपनीच्या एका मेलेल्या, बाहेरून आयात केलेल्या लॅपटॉपमधून त्यानं कार्ड काढून दिलं, अडीचशे रुपये, एसटीनं पार्सल आलं.

बसवलं, लोगो आला, आणि या वेळी काळा स्क्रीन नाही, सरळ मिंट सुरू झालं. जुना बंदिस्त ड्रायव्हर आधी काढून टाकला होता, कर्नल गोठवलेलं सोडलं, सगळे अपडेट घेतले, परत सुरू केलं, वायफाय होतं. एलएसपीसीआय या आतली कार्डं दाखवणाऱ्या कमांडनं पाहिलं तर आयडी १६८सी, ००३२, ड्रायव्हर एटीएच ९ के. दुकानाचं नेट धरलं, माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट धरला. यावेळी लॅन केबल जवळपासही ठेवली नाही, आणि नुसत्या पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून तिथंही वायफाय येते का तेही पाहिलं. आलं. म्हणजे उद्या कोणी सगळं पुसून परत टाकलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी गाडीवर गावात गेलो.

तेरा नंबरचं चॅनल

समाजमंदिरात मशीन लावली आणि शेजारच्या दुकानाचं वायफाय दिसत होतं, पोरांचे हॉटस्पॉट दिसत होते, फक्त पंचायतीचं राउटर दिसत नव्हतं. पोरांच्या मोबाईलमध्ये मात्र फुल दांड्या. मला पहिल्यांदा वाटलं टोपी नीट बसली नाही. झाकण परत उघडलं, बसलेली होती.

मोबाईलमध्ये वायफाय पाहण्याचं एक ॲप होतं, त्यात पाहिलं तेव्हा कळलं की राउटर ऑटोवर आहे आणि त्यानं १३ नंबरचं चॅनल धरलं आहे. चॅनल म्हणजे वायफायच्या बँडमधला नंबर दिलेला एक पट्टा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत साध्या वापराला ११ पर्यंतच. आणि माझं कार्ड बाहेरून आलेल्या लॅपटॉपमधलं. कोणत्या देशाचे नियम लागू आहेत ते दाखवणारी आयडब्ल्यू रेग गेट कमांड दिली तर देश अमेरिका. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत देश लिहिलेला असतो आणि हा ड्रायव्हर तो मानतो. तुम्ही लिनक्समध्ये भारत सेट केला तरी तो नियम आणखी आवळू शकते, कार्डात लिहिलेल्यापेक्षा सैल करू शकत नाही. मी सेट करून पाहिलं, अपेक्षेप्रमाणं काही झालं नाही.

म्हणजे आता राउटरचं चॅनल बदलणं एवढाच सरळ उपाय. पण राउटर पंचायतीचं. सरपंचांना पासवर्ड माहीत नाही, ऑपरेटर सुट्टीवर, आणि ग्रामसेवक साहेबांकडे दोन गावं, ते गुरुवारी येणार. मंगळवार होता. पोरांचे चेहरे पाहून मला फार वाईट वाटलं, मी तिथल्या तिथं दोन दिवसांसाठी माझा एक जुना मोबाईल सिमसकट ठेवून आलो, हॉटस्पॉट करून.

गुरुवारी साहेब आले. मी कागदावर लिहून आणलं होतं की नेमकं काय बदलायचं आहे आणि त्यानं पंचायतीच्या कामाला काही होणार नाही. त्यांनी वाचलं, दोन प्रश्न विचारले, स्वतः लॉगिन केलं आणि ऑटोच्या जागी ६ नंबर ठेवला. आसपास गर्दी करणारे दुसरे राउटर नव्हते, १, ६, ११ पैकी कोणतंही चाललं असतं. समाजमंदिरातून पोट्ट्यांचा ओरडण्याचा आवाज आला तेव्हा साहेबही हसले.

परिणाम

या गोष्टीला आता चार महिने झाले. मधात कर्नल तीन-चार वेळा बदललं, वायफाय एकदाही गेलं नाही. खोलीतून लिंक साधारण ५८ ते ७२ मेगाबिटच्या मधात दिसते. अशा एका अँटेनाच्या कार्डाला वीस मेगाहर्ट्झच्या अरुंद चॅनलवर बहात्तर हीच सीमा आहे, आणि पंचायतीत येणारं नेट त्याच्या खालीच आहे, म्हणून वापरताना काही फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र गेली, ब्लूटूथ. मूळच्या कार्डावर वायफायसोबत ब्लूटूथ होतं, या कार्डावर नाही. लेक्चर ऐकायला एक पोरगा ब्लूटूथचं इअरफोन वापरायचा, त्याला हे मी आधी विचारलंच नव्हतं. त्याला वायरवालं घेऊन दिलं. तो काही बोलला नाही, पण विचारायला पाहिजे होतं.

खर्च म्हणाल तर अडीचशेचं कार्ड, पार्सलचे साठ. सहाशेचं इंटेलचं कार्ड दुकानात पडून होतं, नंतर व्हाइटलिस्ट नसलेल्या एका दुसऱ्या लॅपटॉपला लागलं आणि उत्तम चालून राहिलं आहे.

परत करायचं असतं तर

सगळ्यात आधी, जुन्या मशीनवर लिनक्स टाकताना पेनड्राइव्हवरून, केबल न लावता, वायफाय येते का ते पाहीन आणि नाही आलं तर कार्डाचा विचार त्याच दिवशी करीन, मशीन गावात दिल्यावर नाही. हे केलं असतं तर नोव्हेंबरातली ती रात्र टळली असती.

सर्व्हिस गाइड आधी काढीन. मी कार्ड आधी घेतलं आणि गाइड नंतर वाचलं, उलटं झालं. गाइडमध्ये वायरलेस कार्डांची यादी पार्ट नंबरसकट दिलेली असली तर यादीतलंच घ्यावं, व्हाइटलिस्ट असो की नसो. नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी याच जागी दुसरा एक खड्डा आहे तो सांगतो. इंटेलची एएक्स २०० आणि एएक्स २०१ दिसायला सारखी, पण २०१ हे अर्धंच कार्ड आहे, बाकीचा अर्धा भाग इंटेलच्या काही ठरावीक प्रोसेसर-चिपसेटच्या आत असतो. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल मशीनमध्ये २०१ किंवा २११ घातलं तर ते चालत नाही, तिथं २०० किंवा २१० पाहिजे. गेल्या वर्षात असे दोन लोक माझ्याकडे "कार्ड खराब निघालं" म्हणून आले, कार्ड खराब नव्हतं.

अँटेनाच्या वायरी मोजीन. एक की दोन. दोन असल्या तर कोणती मेन (मुख्य) आणि कोणती ऑक्स (दुसरी) हे वायरच्या रंगावरून ठरवणार नाही, काढण्याच्या आधी फोटो काढीन आणि कार्डावर छापलेल्या खुणेवर जाईन.

आणि राउटर कोणत्या चॅनलवर आहे ते पहिल्याच दिवशी मोबाईलवर पाहून ठेवीन, ज्याच्या हातात पासवर्ड आहे त्या माणसाशीही आधीच बोलीन. बाहेरून आलेल्या लॅपटॉपचे पार्ट आपल्याकडे भरपूर फिरतात, आणि कार्डात दुसरा देश लिहिलेला असणं काही दुर्मीळ नाही.

लॅन केबलबद्दल माझं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही. पाइपातून, जमिनीखालून ओढली आणि दोन्ही टोकाला सर्ज प्रोटेक्टर लावले तर ती वायफायपेक्षा पक्की राहील असं मला आजही वाटते. पोरांनी वर्गणीतून पाइप आणून ठेवला आहे. उन्हाळ्यात समाजमंदिराची फरशी निघणार आहे, तेव्हा टाकून घेऊ.